मला उसवायला सांगा

६ ऑक्टोबर, सोमवार
आज नववा रुमाल पुरा झाला. क्लासच्या मॅडमनी (पुढे नुसतं मॅ.) टाळ्या वाजवल्या, बाकीच्या सहा जणींनाही वाजवायला लावल्या. "शाब्बास गं माझी शोनुली." मी बावीस वर्षांची आहे.

रुमालाची तुरपाई वाकडी होती. घरी येऊन पट्टीने मोजली. एका टोकाला अर्धा सेंटीमीटर, दुसऱ्या टोकाला जवळजवळ एक. शेजारच्या मशीनवर रेश्मा बसते, वैशाखरे गावची, एकोणीस वर्षांची. तिच्या ब्लाऊजचा गळा एवढुसा तिरका गेला तर मॅ.नी दोनदा उसवायला लावला. ती नाक ओढत उसवत होती. मला कुणी उसवायला सांगत नाही.

ऑगस्टपासून टोकावड्याहून मुरबाडला या शिवण क्लासला येतेय. बाकीच्या झबलं, परकर करून ब्लाऊजवर पोचल्या. मी रुमालावर.

८ ऑक्टो., बुध.
चहा आला. मॅ.नी रेश्माला विचारलं, हिला साखरेचा चालतो का. मी दोघींच्या मधोमध बसलेली. रेश्मा म्हणाली, मला काय म्हाईत, तिलाच विचारा. तेव्हा मॅ. वाकल्या, तोंडासमोर तोंड आणलं आणि तो आवाज काढला, अंगणवाडीत काढतात तो. "गोड गोड चहा प्यायचा ना आमच्या हर्षूला?"

त्या आवाजाला या वहीपुरतं नाव देते : गोआ. गोड आवाज. सारखं सारखं लिहायला नको.

मला बोलता येतं. वेळ लागतो. प्रश्न ऐकू येतो, मग त्याचा अर्थ लागतो, मग माझे शब्द. मध्ये थांबे आहेत, एस.टी.सारखे. लोक पहिल्याच थांब्यावर उतरून जातात. गडबड फार असली की शब्द येतच नाहीत, तेव्हा लिहून देते. लिहिण्यात कुणी माझी चूक काढून दाखवावी.

चहा हवा होता. गोआ ऐकून नको म्हटलं. नुकसान माझंच.

१३ ऑक्टो.
सात मशिनी एकदम चालल्या की डोक्यात पत्र्यावर गारा पडतात. म्हणून कानात कापूस घालते. कापूस पुरतो. आज तो मॅ.ना दिसला. त्यांनी माझं स्टूल उचलून बाहेर ओट्यावर नेलं, अगदी मायेने. मशीन आत राहिली. ओट्यावर हातशिलाई करत दहावा रुमाल. येणारे-जाणारे बघतात.

मला विचारलं असतं तर सांगितलं असतं, भिंतीकडची मशीन द्या.

चौदाव्या वर्षी ठाण्याच्या दवाखान्यातून कागद मिळाला, त्यावर 'स्वमग्नता' लिहिलंय. मला ऑटिझम हा शब्द बरा वाटतो, कारण त्याचा मराठीत काही अर्थ लागत नाही. स्वमग्न म्हणजे स्वतःत मग्न. मी कुठे मग्न? मला सगळ्यांचं सगळं ऐकू येतं, आणि एकदम.

१५ ऑक्टो.
रेश्मा डबा घेऊन ओट्यावर आली. माझा रुमाल उलटा करून बघितला आणि म्हणाली, "तुजा टाका वाकडा हाय गो. मॅडम तुला बोलत नाय, म्हणून मी बोलते."

घरी येईपर्यंत मी खूश. कंडक्टरने सुद्धा विचारलं काय झालं आज.

रुमाल पूर्ण उसवला. परत घातला. आता दोन्ही टोकांना अर्धा.

१७ ऑक्टो., शुक्र.
परीक्षेचे फॉर्म. सर्टिफिकेटची परीक्षा, केंद्र शहापूर, डिसेंबरात. मॅ.नी एकेकीकडून फोटो आणि आधारची झेरॉक्स घेतली. मी सकाळीच दोन्ही पिशवीत टाकून नेलेलं. माझ्यापाशी आल्या, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि पुढे गेल्या. 'माझा फॉर्म' एवढे दोनच शब्द होते. ते येईस्तोवर त्या टोकाच्या मुलीशी बोलत होत्या.

घरी आईला विचारलं. ती भाकरी थापत होती, मान वर केली नाही. म्हणाली, मॅडम पहिल्याच दिवशी बोलल्या होत्या, परीक्षेचं नका मनावर घेऊ, पोरीचा वेळ जाईल, चार माणसांत बसेल. आई हो म्हणाली होती.

म्हणजे ऑगस्टपासून दोघींना माहीत होतं. मलाच नव्हतं की मी वेळ घालवायला जाते.

१८ ऑक्टो.
आईशी बोलले नाही. न बोलण्यात मी फार तरबेज आहे, पण आजचं वेगळं होतं आणि तिला ते कळत होतं.

दहावीत असताना स्नेहसंमेलनात मला पहिलीच्या पोरांच्या नाचात उभं केलं होतं. सूर्यफूल. गळ्याभोवती पिवळ्या कागदाच्या पाकळ्या. सोळा वर्षांची मी आणि आजूबाजूला सहा-सहा वर्षांची पोरं, कमरेएवढी. त्या दिवशी माझी पाळी होती. सगळ्यांत जास्त टाळ्या मला. आई पहिल्या रांगेत रडत होती, आनंदाने. पोरगी स्टेजवर गेली म्हणून. तो फोटो अजून कपाटावर लावलेला आहे. आज काढला आणि चादरींच्या खाली ठेवला.

संध्याकाळी आई जवळ येऊन बसली. "तिथं तुला कोण हसणार नाय, एवढंच बघितलं मी."



२३ ऑक्टो.
दिवाळीची सुट्टी. बाबा धाब्यावर स्वयंपाकाला आहेत. आज येताना मालकाच्या घरची पडून असलेली शिलाई मशीन टेंपोत घालून आणली. पुसली, तेल दिलं, पट्टा बदलला. मग स्वतः पेडल मारून एक फडकं शिवून बघितलं आणि उठले. "चालते. बस."

२५ ऑक्टो.
आईच्या जुन्या साडीतून ब्लाऊज कापला, आईच्याच मापाने. रेश्माचं पेपर कटिंग वहीत उतरवून घेतलं होतं. दोन्ही बाह्या डाव्या निघाल्या. परत एक कापली. गळा बरा. मुंढा, म्हणजे जिथे बाही जोडतात ती गोलाई, तिथे कापड ओढतंय. आईने घालून हात वर केला तर पूर्ण ब्लाऊज वर आला. आई म्हणाली छान झालाय. मी म्हटलं नाही झाला. तिने परत हात वर केला आणि म्हणाली, हां, काखेत लागतो.

तीनदा उसवला. ओढ जात नाही. का ते कळत नाही. हे कळण्यासाठीच तर क्लास असतो.

२७ ऑक्टो., सोम.
ब्लाऊज क्लासला नेला. चिठ्ठी लिहून नेली होती : बाही ओढते. कुठे चुकलं ते दाखवा.

मॅ.नी चिठ्ठी वाचली, ब्लाऊज उचलला, सगळ्यांना दाखवला. टाळ्या. माझ्या हातात ब्लाऊज देऊन फोटो काढला आणि तिथेच स्टेटसला टाकला : 'आमची हर्षू, देवाचं लाडकं लेकरू.' रेश्माने फोनवर दाखवलं. मी परत चिठ्ठी पुढे केली. "अगं राणी, किती छान शिवलंयस."

मी रेश्माच्या मशीनवरचं ब्लेड घेतलं आणि बाही उसवायला लागले. त्यांच्यासमोर, टाका टाका. सगळ्या मशिनी थांबल्या. मॅ.नी माझं मनगट धरलं. मला न विचारता धरलेलं सहन होत नाही, मी हात ओढून घेतला, स्टूल पडलं. मग त्यांनी आईला फोन केला. "आज बिघडलीय ती."

रेश्मा रोज दहा वेळा ब्लेड हातात घेते. ती कधी बिघडत नाही.

२८ ऑक्टो.
आई क्लासला आली. ती आणि मॅ. माझ्या डोक्यावरून बोलल्या, म्हणजे खरोखर डोक्यावरून, मी मध्ये बसलेली आणि त्या दोघी उभ्या. औषध चालू आहे का. राग नेहमी येतो का. घरी कशी असते. आई सारखी माफ करा म्हणत होती. मॅ. वाईट बाई नाहीत, हे लिहायला हवं. त्यांनी आईला पाणी दिलं, पाठीवर हात ठेवला, म्हणाल्या मी समजू शकते. त्यांना काहीच समजलेलं नव्हतं.

घरी आल्यावर मी पत्र लिहिलं आणि आधी आईला वाचायला दिलं. आई सातवी शिकलेली, सावकाश वाचते. उतरवून ठेवते :

'मॅडम, मी बावीस वर्षांची आहे. मला तुमच्याशी भांडायचं नाही, तुमच्याकडून शिकायचं आहे. मला हर्षदा म्हणा. मला विचारायचं ते मला विचारा, आईला नाही, रेश्माला नाही, आणि विचारल्यावर दहा आकडे मोजेपर्यंत थांबा. टाळ्या नकोत. चुकलं की चुकलं म्हणा आणि कुठे ते बोटाने दाखवा. मला रडू आलं तर येऊ द्या, बाकीच्यांना येऊ देता तसं. मला उसवायला सांगा. आणि माझा फॉर्म भरा.'

आईने दोनदा वाचलं. विचारलं, मी देऊ नेऊन? मी नाही म्हटलं. तिने घडी घालून माझ्या पिशवीत ठेवलं. मग बराच वेळ चुलीपुढे बसून राहिली. चूल पेटवली नव्हती.

३० ऑक्टो., गुरु.
दिलं.

मॅ.नी उभ्या उभ्या वाचलं. तोंड लाल झालं. म्हणाल्या, "पंधरा वर्षं क्लास घेतेय मी. तुला स्वतःच्या मुलीसारखं वागवलं."

माझं उत्तर तयार होत होतं. रेश्माने मशीन बंद केली. तिचं बघून दुसरीने केली, मग सगळ्यांनी. कुणी मध्ये बोललं नाही. खोलीत फक्त पंखा.

"मुलीसारखं नको. विद्यार्थिनीसारखं."

आवाज मोठा आला, मला अंदाज राहत नाही. मॅ. आत निघून गेल्या. आतून कपबशांचा आवाज येत राहिला. चहा काही आला नाही.

३ नोव्हें., सोम.
आत बसले, भिंतीकडच्या मशीनवर. मॅ.नी माझा ब्लाऊज टेबलावर टाकला. "मुंढा खोल कापलाय. परत काप." बास. दिवसभर तेवढंच.

ते शिकवणं नव्हतं, राग होता. फरक मला कळतो. तरी गोआपेक्षा परवडला. राग मोठ्या माणसावर करतात.

५ नोव्हें.
फॉर्मची शेवटची तारीख १०. मॅ. म्हणाल्या, मी भरून देते पण तूच शहापूरला नेऊन दे, ते काय विचारतील ते तूच सांग. चिडून म्हणाल्या. मला पाहिजे तेच झालं.

७ नोव्हें., शुक्र.
आई आणि मी. टोकावड्याहून सरळगाव, तिथून किन्हवलीमार्गे शहापूर. केंद्रावरच्या क्लार्कने आईला विचारलं, शिक्षण किती हिचं. आई बोलायला लागली होती, पहिलं अक्षर तोंडात होतं, ते गिळलं.

"तिचं शिक्षण तिला ठावं. तिला विचारा."

मी आईकडे बघितलं. ती पदराचा काठ बोटाला गुंडाळत होती.

क्लार्क रजिस्टरमध्ये काहीतरी शोधत होता, त्यामुळे मला हवा तेवढा वेळ मिळाला. तो थांबला हे त्याला कळलंही नाही. बारावी, बाहेरून, असं मी सांगितलं. सही येते का, हेही त्याने आईलाच विचारलं. मी त्याच्यासमोर केली, जरा मोठीच.

मग तो आवाज खाली आणून आईला म्हणाला, अशा मुलांना सोपं प्रॅक्टिकल देता येईल, रुमाल नाहीतर पिशवी, पास होऊन जाईल, मी तसं लिहितो. मी कागद ओढून लिहिलं : ब्लाऊज. तो म्हणाला, ताई, नापास होईल ती.

"होऊ दे," आई म्हणाली.

मी खाली अजून दोन गोष्टी लिहिल्या. भिंतीकडची जागा, आणि सूचना बोलून नको, लिहून द्या. त्याने कागद जोडला, पण म्हणाला हे त्या दिवशीच्या परीक्षकांवर आहे, मी सांगू शकत नाही.

स्टँडवर आईने दोन वडापाव घेतले. विचारलं, चटणी तिखट हवी का. आणि थांबली.

१७ नोव्हें.
मॅ. आज माझ्या शेजारी स्टूल घेऊन बसल्या. मुंढ्याची गोलाई कशी फिरवायची ते खडूने काढून दाखवलं. मग, "हात धरू का तुझा?" आणि गप्प. त्यांचे ओठ हलत होते, बघितलं तर आकडे मोजत होत्या. सातावर मी हो म्हटलं. दोघींच्या हातांनी कात्री चालवली. काखेत कापड किती सोडायचं ते मला तेव्हा कळलं, कानाने नाही, हाताने.

मध्येच गोआ निघाला, अर्धा. 'शोनु' पर्यंत गेल्या आणि खाकरल्या.

जाताना विचारलं, तुला इतके दिवस राग येत होता? हो म्हटलं. मग बोलली का नाहीस?

"बोलत होते. तुम्ही टाळ्या वाजवत होता."

त्या हसल्या नाहीत. मीही विनोद केलेला नव्हता.

१ डिसें.
वाईट दिवस. नवीन कापडाचे पुढचे दोन्ही भाग उलटे कापले. बाहेर कुणाच्या तरी लग्नाचा डीजे. कापसाने काही होईना. मी टेबलाखाली जाऊन कान दाबून बसले. किती वेळ ते माहीत नाही. नंतर रेश्माने सांगितलं, मॅ. दारात नुसत्या उभ्या होत्या, काय करावं ते त्यांना सुचेना. तिने पंखा-लाइट बंद केला, सगळ्यांना बाहेर घेऊन गेली आणि मॅ.ना म्हणाली, हिला धरू नका, बोलू नका, आपोआप येल ती.

टेबलाखालून बाहेर आले. वाटलं, आता परत रुमाल. मॅ. माझ्याकडे बघत होत्या, मी कापडाकडे.

"हे कापड गेलं. उद्या दुसरं आण. उद्या लवकर ये, डीजे नसेल तेव्हा कापून घेऊ."

घरी येऊन अकरा तास झोपले.

९ डिसें.
रेश्मा आणि मी स्टँडवर. ती म्हणाली पास झालो तर टोकावड्याला दोघी मिळून दुकान टाकू. मी म्हटलं तू फार बडबडतेस, मला दिवसभर झेपणार नाही. ती म्हणाली, बरं, एक दिवस तू, एक दिवस मी. तिला वाईट वाटलं का ते विचारलं. म्हणाली, "नाय गो. खरं बोललीस ना."

१५ डिसें., सोम.
शहापूर. परीक्षा. घाईत लिहितेय, डोळे मिटतायत.

जागा भिंतीकडची मिळाली नाही, दाराशी मिळाली. सूचना लेखी मिळाल्या, पण अर्ध्याच. बाकीच्या परीक्षक बाईंनी तोंडी सांगितल्या, भराभर. मी हात वर केला आणि वही पुढे केली. त्यांनी विचारलं काय प्रॉब्लेम आहे, तुझ्याबरोबर कोण आलंय. कुणी नाही, असं लिहिलं. खरं तर आई गेटबाहेर बसली होती. पण ती परीक्षेला बसलेली नव्हती. बाईंनी वही घेतली आणि लिहिलं. तीन ओळी, सुवाच्य अक्षर. त्यात माझी आठ-नऊ मिनिटं गेली.

कापणी नीट. टक्स, छातीपाशी चिमटे घेतात ते, नीट. गळ्याचं पायपिंग बरं. मुंढा ओढला नाही. उजवी बाही लागली. डावी नुसती कच्च्या धावदोऱ्यावर असताना वेळ संपला. हुक तर राहिलेच. बाईंनी ब्लाऊज उलटा करून शिवण बघितली, बोट फिरवलं, काहीतरी लिहिलं. चेहऱ्यावरून मला कधीच काही कळत नाही, तेव्हा कळलं नाही.

रेश्माचा पूर्ण झाला. ती बाहेर येऊन रडत होती, मी तिच्याशेजारी उभी राहिले.

५ जानेवारी, सोम.
निकाल महिनाअखेरीस. क्लासला नवीन बॅच आलीय, नऊ जणी. मी जुन्यातली एकटीच. भिंतीकडची मशीन आता माझीच समजतात.

दुपारी सगळ्या गेल्यावर मॅ.नी खुर्ची ओढली. म्हणाल्या, शहापूरच्या बाईंशी बोलणं झालं, मार्क त्या सांगत नाहीत, पण अपुरा ब्लाऊज म्हणजे अवघड असतं. मग जरा अडखळल्या आणि म्हणाल्या, "हर्षदा, मला वाटतं तू नापास होशील."

एवढं आजवर कुणी मला तोंडावर सांगितलं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं. मॅ. उठल्या नाहीत, रुमाल दिला नाही, बसून राहिल्या.

मी म्हटलं, मलापण वाटतं.

मग त्या म्हणाल्या, तसं झालं तर पुढच्या वेळेला परत फॉर्म भरायचा. पास झालीस तर सुटलीस.

मी म्हटलं, पास झाले तरी येणार. कॉलर शिकायची राहिलीय.